मोजलेला आकडा, काढलेला आकडा, धरलेला आकडा

प्रश्न इंदूरच्या रामबागेतल्या एका वाचनगटाचा आहे. आठ-दहा माणसं: एम.एस्सी.ची दोन मुलं, सॉफ्टवेअरमधले तिघं, बँकेतून निवृत्त झालेले एक काका, शाळेत गणित शिकवणाऱ्या बाई आणि आणखी दोघं-तिघं. भौतिकशास्त्र, संगणन आणि अर्थधोरण या विषयांतले ताजे पेपर आळीपाळीने घ्यायचे, महिन्यातून एका शनिवारी बसायचं, असं ठरलं. तीन बैठका झाल्या आणि तिन्ही वेळा गाडी सारांशापुढे सरकली नाही. बातमीत होतं ते पेपरमध्ये सापडेना. एआयमुळे काम वेगाने होतं असं एक पेपर सांगतो, उलट वेळ जास्त लागतो असं दुसरा. मग वाचायचं कुठून, वेळ किती द्यायचा आणि विश्वास कशावर ठेवायचा?

पेपर पहिल्या ओळीपासून वाचू नका. ज्या एका आकड्यासाठी तो लिहिला गेला आहे तो आधी शोधा आणि वहीत उतरवा. मग त्यापुढे तीनपैकी एक क्रियापद लिहा: मोजला, काढला की धरला. उपकरणातून किंवा प्रत्यक्ष नोंदींतून आला असेल तर मोजला. दुसऱ्या आकड्यांवर गणित करून आला असेल तर काढला. हिशेब पुढे जावा म्हणून लेखकांनी मानून घेतला असेल तर धरला. बैठकीतला निम्मा गोंधळ इथेच मिटतो, कारण बातमीत हे तिन्ही आकडे एकाच सुरात वाचून दाखवले जातात. पेपरमध्ये त्यांच्या जागा वेगळ्या असतात. मोजलेला बहुधा तक्त्यात आणि आकृतीत सापडतो, काढलेला चर्चेत, आणि धरलेला पद्धतीच्या भागात, तळटीपेत नाहीतर परिशिष्टात.

सुरुवात अर्थधोरणापासून करा, कारण तिथलं गणित फळ्यावर मावतं. अर्थशास्त्रज्ञ डॅरन असेमोग्लू यांनी २०२४ साली एक हिशेब मांडला: एआयमुळे अमेरिकेची एकूण घटक उत्पादकता (तेवढ्याच श्रमातून आणि भांडवलातून किती उत्पादन निघतं त्याचं माप) येत्या १० वर्षांत फार तर ०.६६ टक्के वाढेल. त्याच वर्षी फिलिप आगिओं आणि सिमॉन ब्युनेल यांनी त्याच चौकटीत दुसरा हिशेब केला आणि मधला अंदाज ०.६८ दिला. वरवर पाहणारा म्हणेल, दोघांचं एकमत झालं. प्रत्यक्षात दुसरा आकडा दर वर्षाचा आहे, टक्केबिंदूंमध्ये. म्हणजे दोन्ही अंदाजांत दहापटीचा फरक आहे. असेमोग्लू २०२४ चे अर्थशास्त्राचे नोबेल मानकरी, आगिओं २०२५ चे, तेव्हा कुणाला तरी साधं गणित येत नाही असं म्हणायची सोय नाही.

असेमोग्लू यांचा आकडा फोडून बघा. अर्थव्यवस्थेतली सुमारे २० टक्के कामं एआयच्या आवाक्यात येतात. त्यांतली सुमारे २३ टक्के कामं १० वर्षांत एआयकडून करून घेणं परवडेल. २० टक्क्यांचे २३ टक्के म्हणजे ४.६ टक्के कामं. अशा कामात मजुरीचा खर्च सरासरी २७ टक्के वाचतो. पण कामाच्या खर्चात मजुरीबरोबर यंत्रसामग्रीही असते, म्हणून एकूण बचत १४.४ टक्के येते. ४.६ टक्क्यांना १४.४ टक्क्यांनी गुणा, ०.६६ टक्के मिळतात. आता प्रत्येक आकड्यापुढे क्रियापद लिहा. २७ टक्के हा काही मोजक्या प्रयोगांत मोजलेल्या आकड्यांची सरासरी आहे, पण तो सगळ्या कामांना लागू होतो हे धरलेलं आहे. २३ टक्के हा एका वेगळ्या अभ्यासाने काढलेला आकडा, तोही संगणकाला ‘बघायला’ शिकवण्याच्या कामांपुरता. इथे तो सगळ्या एआयला लावला आहे. ०.६६ हा निव्वळ काढलेला.

बँकेतल्या काकांना एवढं सांगा: २३ च्या जागी ८० घालून बघा. बाकी काही न बदलता उत्तर २.३ टक्क्यांवर जातं. आगिओं आणि ब्युनेल यांनी नेमकं हेच केलं. प्रत्येक धरलेल्या आकड्यासाठी इतर अभ्यासांतून वेगळी किंमत घेतली आणि वर्षाला ०.०७ ते १.२४ टक्केबिंदू एवढा पट्टा काढला. पट्ट्याचं खालचं टोक दहाने गुणलं की ०.७ येतात, म्हणजे असेमोग्लू यांचा आकडा या पट्ट्याच्या तळाशी जाऊन बसतो. भांडण सूत्रावर नाही, २३ वर आहे. धोरण ठरवणाऱ्याने पुढची चौकशी त्या २३ ची करायला हवी: कोणत्या कामात, कोणत्या देशाच्या मजुरीच्या दरात एआय परवडतं? इंदूरच्या सियागंजातल्या घाऊक पेढीवर हिशेब लिहिणाऱ्या माणसाचा पगार आणि अमेरिकेतल्या कारकुनाचा पगार यांत जेवढं अंतर आहे, तेवढा हा २३ आपल्याकडे हलतो.

आता तुमचे ते दोन भांडणारे पेपर. वर्णनावरून पहिला एरिक ब्रिन्यॉल्फसन, डॅनिएल ली आणि लिंडसे रेमंड यांचा दिसतो. ग्राहकसेवेत काम करणारे ५,१७९ लोक, आणि तासाला सोडवलेल्या तक्रारी १४ टक्क्यांनी वाढल्या, नवख्यांच्या ३४ टक्क्यांनी. (हे २०२३ च्या कार्यपत्रिकेतले, म्हणजे छापण्याआधीच्या ‘वर्किंग पेपर’मधले आकडे. २०२५ मध्ये नियतकालिकात छापून आला तेव्हा लोक ५,१७२ आणि वाढ १५ टक्के झाली. चर्चेत कुणी १४ म्हणेल, कुणी १५, आणि दोघंही बरोबर असतील. म्हणून वहीत आवृत्ती लिहायचीच.) दुसरा जुलै २०२५ मधला, मीटर (METR) नावाच्या संशोधन संस्थेचा. १६ अनुभवी प्रोग्रामर, त्यांच्याच ओळखीच्या सॉफ्टवेअरमधली २४६ कामं, आणि प्रत्येक कामाला एआय वापरायचं की नाही हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेलं. एआय असताना वेळ १९ टक्के जास्त लागला.

दोन्ही आकडे मोजलेले आहेत आणि दोन्ही खरे असू शकतात. पहिल्यात नवखा माणूस आणि रोज येणाऱ्या त्याच त्या तक्रारी. दुसऱ्यात वर्षानुवर्षं त्याच कोडमध्ये वावरलेला माणूस, ज्याच्या डोक्यात यंत्रापेक्षा जास्त माहिती आहे. यंत्राने लिहिलेलं तपासण्यात त्याचा वेळ जातो. पहिल्या पेपरमध्येही सर्वांत अनुभवी लोकांना फायदा जवळजवळ नव्हताच, पण ते सारांशात या आकड्यांच्या मागून येतं आणि बातमी तिथपर्यंत पोचत नाही. दुसऱ्या पेपरमधला मला सर्वांत मोलाचा वाटणारा आकडा वेगळाच आहे. काम संपल्यावर त्याच प्रोग्रामरना विचारलं तर ते म्हणाले, एआयने आमचा वेळ सुमारे २० टक्के वाचला. घड्याळ १९ टक्के उशीर दाखवत होतं. ‘आमच्या कंपनीत एआयने कामाचा वेग वाढला, असं इतके टक्के कर्मचारी सांगतात’ अशा सर्वेक्षणाचा पेपर समोर आला की ही जोडी आठवा. सर्वेक्षणात माणसाचं मत मोजलेलं असतं. वेग मोजलेला नसतो. तरी १६ माणसं म्हणजे १६ माणसं. त्यावरून सगळ्या प्रोग्रामरांबद्दल बोलणं लेखकांनीही टाळलं आहे.

अर्थशास्त्रात चूक बहुतेक वेळा ‘कोणाला कोणाशी ताडलं’ यात लपते, आणि कधीकधी अगदी तक्त्याच्या रकान्यात. २०१० मध्ये कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांनी दाखवलं की सरकारी कर्ज सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ९० टक्क्यांपुढे गेलं की सरासरी वाढ उणे ०.१ टक्क्यावर येते. युरोपात काटकसरीच्या धोरणाला या आकड्याचा आधार दिला गेला. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातला विद्यार्थी थॉमस हर्नडन आणि त्याचे शिक्षक मायकेल ॲश व रॉबर्ट पॉलिन यांनी मूळ एक्सेल फाइल मागवून तपासली. सरासरीच्या सूत्रात खालच्या पाच ओळी आल्याच नव्हत्या: ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा, डेन्मार्क. त्याशिवाय काही वर्षांचे आकडे गाळलेले होते आणि प्रत्येक देशाला दिलेलं वजनही शंकास्पद होतं. सगळं दुरुस्त केल्यावर सरासरी २.२ टक्के आली. यातला नुसत्या एक्सेलच्या चुकीचा वाटा लहान होता, वजन आणि गाळलेली वर्षं यांचा मोठा. गोष्ट सांगताना लोक एक्सेलवर थांबतात आणि खरी जागा निसटते. तुमच्या गटात हे करून बघण्यासारखं आहे. एखाद्या पेपरबरोबर डेटाची फाइल असेल तर ती उघडा, मुख्य तक्त्यातली एक सरासरी स्वतः काढा. ती जुळली नाही तर कारण शोधण्यात जी बैठक जाईल, ती वर्षातली सर्वांत चांगली बैठक ठरेल.

भौतिकशास्त्रात लपायची जागा उपकरण असते. सप्टेंबर २०११ मध्ये ऑपेरा प्रयोगाने जाहीर केलं की न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण ७३० किलोमीटरचा प्रवास प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद आधी संपवतात. ६० नॅनोसेकंदांत प्रकाश १८ मीटर जातो. सांख्यिकी भक्कम होती, सहा सिग्मा. काही महिन्यांनी सापडलं की वेळेचा संकेत आणणाऱ्या ऑप्टिकल फायबरचा जोड नीट घट्ट बसलेला नव्हता. इथे सिग्मा म्हणजे काय ते गटाला एकदा समजावून घ्या. पाच सिग्मा म्हणजे, मुळात काही नसताना निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता सुमारे ३५ लाखांत एक. तीन सिग्मा म्हणजे सुमारे ७४० त एक. पण हे गणित फक्त योगायोगाचं आहे. सैल जोड योगायोग नसतो. तो प्रत्येक मोजमापात एकाच दिशेने चूक घालतो, आणि मोजमापं जितकी वाढवाल तितकी ती चूक जास्त ‘ठाम’ दिसते. म्हणून भौतिकशास्त्राच्या पेपरात सिग्माआधी पद्धतशीर चुकांचा तक्ता शोधा. ज्या पेपरात तो नाही किंवा दोन ओळींत आटोपला आहे, त्याची पहिली आवृत्ती वाचून मत बनवायची घाई करू नका.

एलके-९९ चं प्रकरण याच कारणासाठी एम.एस्सी.च्या मुलांकडे द्या. जुलै २०२३ मध्ये कोरियातल्या गटाने दोन प्रीप्रिंट (तज्ज्ञांनी तपासण्याआधी खुले केलेले पेपर) टाकले: तांबं मिसळलेलं शिशाचं ॲपेटाइट साध्या हवेच्या दाबाला सुमारे १२७ अंश सेल्सिअसपर्यंत अतिसंवाहक राहतं. पुरावा दोन गोष्टींचा होता. १०४-१०५ अंशांच्या आसपास रोध एकदम खाली येतो, आणि तुकडा चुंबकावर अर्धवट उचलला जातो. अतिसंवाहकतेला मात्र दोन कसोट्या एकत्र लागतात: रोध खरोखर शून्य होणं, आणि थंड होताना पदार्थाने स्वतःच्या आतलं चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकलणं. आता रोध मोजतात कसा ते बघा. नमुन्यावर चार तारा जोडतात. बाहेरच्या दोन तारांतून प्रवाह सोडायचा आणि आतल्या दोन तारांवर व्होल्टेज वाचायचं. दोनच तारा वापरल्या तर जोडाचा स्वतःचा रोध त्यात मिसळतो. चार वापरल्या तर तो बाजूला पडतो. तरीही मीटर ‘शून्य’ दाखवतो त्याचा अर्थ एवढाच, की व्होल्टेज त्या मीटरच्या पकडीखाली गेलं. चांगलं तांबंही रेषीय अक्षाच्या आलेखावर शून्यासारखंच दिसतं. म्हणून अक्षावरची एककं बघायची, अक्ष साधा आहे की लॉग ते बघायचं, आणि खालची मर्यादा लेखकांनी आकड्यात दिली आहे का ते बघायचं.

उलगडा तांब्याच्या सल्फाइडने झाला. नमुन्यात तो अशुद्धी म्हणून उरला होता आणि त्याची स्फटिकरचना नेमकी १०४ अंशांच्या आसपास बदलते, त्याबरोबर रोधही. अर्धवट उचलणं साध्या लोहचुंबकीय अंशाने होत होतं. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने नमुना बनवून पाहिला, त्यात अतिसंवाहकता दिसली नाही. जर्मनीतल्या मॅक्स प्लांक संस्थेने सल्फाइड नसलेला शुद्ध स्फटिक बनवला, तर तो जांभळट पारदर्शक निघाला आणि त्याचा रोध लाखो ओहम. एका महिन्याच्या आत प्रकरण मिटलं, आणि ते मिटवणारे पेपर मूळ पेपरपेक्षा जास्त शिकवतात. इंदुरात राहून याचा एक फायदा आहे. खंडवा रोडवर विद्यापीठाच्या आवारात यूजीसी-डीएई संकुल (विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभाग यांची संशोधन संस्था) आहे, तिथे कमी तापमानाला रोध आणि चुंबकत्व मोजण्याचं काम चालतं. मुलांनी आपल्या विभागामार्फत रीतसर पत्र देऊन चार तारांचं मोजमाप एकदा डोळ्यांनी बघून यावं. चांदीच्या लेपाचा तो बारीकसा ठिपका कसा लावतात आणि तो सुटला की आलेखात कशी उडी येते, हे एकदा बघितलं की पुढे आलेखातली प्रत्येक उडी बघताना हात आपोआप थांबतो.

सिग्माबद्दल आणखी एक. मार्च २०२५ मध्ये आकाशगंगांचा नकाशा काढणाऱ्या डेसी सर्वेक्षणाने सांगितलं की कृष्णऊर्जा (विश्वाचं प्रसरण वेगवान करणारी, अजून न उलगडलेली ऊर्जा) काळानुसार बदलत असावी. ठामपणा किती? २.८, ३.८ की ४.२ सिग्मा, हे सुपरनोव्हांच्या (ताऱ्यांच्या स्फोटांच्या) नोंदींचा कोणता संग्रह जोडला यावर ठरतं. बातम्यांत बहुधा ४.२ आला. एकाच पेपरात तीन आकडे असतील तर वहीत तिन्ही लिहा. त्यांच्यातलं अंतर हाच पेपरचा खरा निष्कर्ष असतो.

संगणनात लपायची जागा परीक्षा असते. भाषा-मॉडेलचा पेपर ‘आमचा गुण ८४, आधीचा ८०’ म्हणतो. परीक्षा किती प्रश्नांची? ह्यूमनइव्हॅल ही प्रोग्रामिंगची बरीच वापरली गेलेली चाचणी १६४ प्रश्नांची आहे. ८० टक्के म्हणजे १३१ बरोबर, ८४ म्हणजे १३८. फरक सात प्रश्नांचा. ८० टक्के गुणाची प्रमाण चूक (योगायोगाने गुण किती इकडेतिकडे होऊ शकतो त्याचं माप) काढा: ०.८ गुणिले ०.२, भागिले १६४, त्याचं वर्गमूळ, सुमारे ३.१ टक्के. म्हणजे दोन्ही बाजूंना सहा-सहा टक्के मोकळे. मात्र दोन्ही मॉडेलांनी तेच प्रश्न सोडवले असल्यामुळे याहून बरी पद्धत उपलब्ध आहे. समजा पहिल्याला आलेले आणि दुसऱ्याला न आलेले प्रश्न १२, आणि उलट ५. बाकीचे विसरा. नाणं १७ वेळा उडवलं तर कोणत्याही एका बाजूने १२-५ किंवा त्याहून एकतर्फी निकाल सातात एकदा आपोआप येतो. सात तुलनांत एक ‘शोध’ असा फुकटात मिळतो. गणिताच्या बाईंना हे दहा मिनिटांत फळ्यावर दाखवता येईल, आणि सॉफ्टवेअरवाल्यांना वाद घालायला जागा उरणार नाही.

दुसरी खोट म्हणजे प्रश्नपत्रिका आधीच फुटलेली असणं. चाचणीचे प्रश्न इंटरनेटवर असतात आणि मॉडेलचं प्रशिक्षणही तिथल्याच मजकुरावर होतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये ॲपलच्या संशोधकांनी शालेय गणिताच्या एका प्रसिद्ध चाचणीतली नावं आणि आकडे बदलून पाहिले, तर मॉडेलांचे गुण खाली आले. प्रश्नात एक निरुपयोगी वाक्य घुसडलं (पाच किवी फळं जरा लहान होती, अशा धर्तीचं) तेव्हा काही मॉडेलांची घसरण ६५ टक्क्यांपर्यंत गेली. संगणनाचा पेपर घेतला की लॅपटॉप जवळ ठेवा, पेपरमधला एक प्रश्न मराठीत करून, त्यात सराफा बाजारातले गराडू (तळलेला कंद) आणि भावातला फरक घालून स्वतः विचारून बघा. एका प्रश्नावरून सिद्ध काहीच होत नाही, पण पेपर नेमकं काय मोजतोय ते डोक्यात बसतं.

क्वांटम संगणनात तिन्ही क्रियापदं एकाच घोषणेत भेटतात. गूगलच्या विलो चिपची बातमी डिसेंबर २०२४ ची, पण प्रीप्रिंटचा क्रमांक २४०८.१३६८७ आहे. अर्काइव्हच्या (प्रीप्रिंट जिथे ठेवतात त्या मोफत संकेतस्थळाच्या) क्रमांकातले पहिले चार अंक वर्ष आणि महिना सांगतात: ऑगस्ट २०२४. बातमीआधी सुमारे साडेतीन महिने पेपर मोफत पडलेला होता. त्यातला मुख्य दावा: चूक-दुरुस्तीच्या जाळीचं ‘अंतर’ (म्हणजे जाळीची बाजू किती क्यूबिटांची ते; क्यूबिट हे क्वांटम संगणकातलं माहितीचं मूळ एकक) ३ वरून ५, ५ वरून ७ नेलं की दर पायरीला चूक २.१४ पटींनी कमी होते, आणि अंतर ७ ला दर फेरीतली चूक ०.१४३ टक्के राहते. हे मोजलेलं आहे. चूक दहा लाखांत एकावर न्यायची तर अंतर २७ लागेल, म्हणजे एका चांगल्या क्यूबिटसाठी १,४५७ कच्चे क्यूबिट. हे काढलेलं आहे आणि तुम्हालाही काढता येतं: ०.१४३ टक्क्याला दहा लाखांत एकवर आणायला १,४३० पट सुधारणा हवी, २.१४ ने दहा वेळा भागलं की ती मिळते. दहा पायऱ्या म्हणजे अंतर ७ अधिक २०. २७ चा वर्ग दुप्पट करून एक वजा केला की १,४५७. यात एक धरलेली गोष्ट आहे: २.१४ चा दर २७ पर्यंत टिकेल. खुद्द चिपवर तेव्हा १०५ क्यूबिट होते.

आणि बातमीतलं ते ‘पाच मिनिटांत जे झालं त्याला महासंगणकाला एकावर २५ शून्यं इतकी वर्षं लागतील’? तो वेगळा दावा. चूक-दुरुस्तीच्या त्या पेपरचा तो निष्कर्षच नाही. पाच मिनिटं मोजलेली, वर्षं काढलेली, आणि महासंगणकासाठी याहून चांगली रीत कुणाला सुचणार नाही हे धरलेलं. २०१९ मध्ये याच गटाने २०० सेकंदांविरुद्ध १०,००० वर्षं असा आकडा दिला होता. आयबीएमने लगेच दाखवलं की डिस्कवरची साठवण नीट वापरली तर अडीच दिवस पुरतात. बैठकीत ०.१४३ वर दीड तास घाला आणि २५ शून्यांवर दोन मिनिटं.

तिन्ही विषय एकत्र आले की प्रत्येक जण दुसऱ्याच्या विषयावर विसंबतो, आणि तिथे सर्वांत मोठे खड्डे पडतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये बर्कलीच्या स्वयंचलित प्रयोगशाळेने १७ दिवसांत ५८ पैकी ४१ नवे पदार्थ बनवल्याचं जाहीर केलं. क्ष-किरण विवर्तनाचा आलेख (पदार्थातून क्ष-किरण कसे विखुरतात यावरून अणूंची मांडणी सांगणारा) वाचण्याचं कामही बरंचसं यंत्राकडे होतं. रॉबर्ट पालग्रेव्ह, लेस्ली शूप आणि सहकाऱ्यांनी ते आलेख हाताने तपासले आणि त्यांच्या मते त्यांत नवा पदार्थ एकही नव्हता. बरेचसे आधी माहीत असलेलेच, फक्त अणूंची मांडणी विस्कळीत असलेले. दोन मूलद्रव्यं जाळीत ठरलेल्या जागी बसली तर विवर्तनात जादा शिखरं दिसायला हवीत; तीच मूलद्रव्यं त्या जागा कशाही वाटून घेत असतील तर ती शिखरं गायब होतात. शिखर नसणं हाच पुरावा होता आणि यंत्राने तो वाचला नाही. इंदूरच्याच राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातल्या इंडस-२ वर, इलेक्ट्रॉन फिरवणाऱ्या त्या १७२.५ मीटर घेराच्या गोल कड्यातून निघणाऱ्या क्ष-किरणांवर काम करणाऱ्या कुणालाही हा आलेख दाखवला तर त्याची नजर आधी त्या रिकाम्या जागेवर जाईल.

दुसरं उदाहरण त्याहून कडू. नोव्हेंबर २०२४ मध्ये एमआयटीतल्या अर्थशास्त्राच्या एका विद्यार्थ्याचा प्रीप्रिंट गाजला: एका कंपनीतल्या १,०१८ शास्त्रज्ञांना एआय दिल्यावर नवे पदार्थ ४४ टक्के जास्त सापडले, पेटंट अर्ज ३९ टक्क्यांनी वाढले. धोरणाच्या चर्चेत तो लगेच वापरला जाऊ लागला. मे २०२५ मध्ये एमआयटीने जाहीर केलं की या संशोधनाच्या डेटाच्या उगमावर, विश्वासार्हतेवर आणि वैधतेवर आमचा भरवसा नाही, आणि तो अर्काइव्हवरून मागे घ्यावा असं कळवलं. अर्थशास्त्रवाल्यांनी पदार्थविज्ञानाचा भाग बरोबर असेल असं मानलं, पदार्थविज्ञानवाल्यांनी तो पेपर आपला समजला नाही. तुमच्या गटात दोन्ही प्रकारची माणसं एका सतरंजीवर बसतात, हा मोठा फायदा आहे. असा पेपर आला की तीन गोष्टी विचारा. कंपनीचं नाव का नाही? डेटा दुसऱ्या कुणी पाहिला आहे का? आणि ‘नवा पदार्थ’ मोजला कुणी, कोणत्या उपकरणाने?

आता व्यवहाराचं. अर्काइव्ह १९९१ मध्ये पॉल गिन्सपार्ग यांनी सुरू केलं, पुढे बरीच वर्षं ते कॉर्नेल विद्यापीठाने सांभाळलं, सगळं मोफत. तिथे नियामक फक्त विषय आणि स्वरूप बघतात. तज्ज्ञ-परीक्षण होत नाही. पेपरच्या पानावर आवृत्त्यांची यादी असते. पहिली आणि शेवटची उघडून दोन्ही सारांश शेजारी ठेवा; दाव्याचं क्रियापद सौम्य झालं असेल तर परीक्षकांनी काय पकडलं ते कळतं. अर्थशास्त्राचे पेपर बहुधा आधी कार्यपत्रिका म्हणून येतात आणि छापून यायला दोन-तीन वर्षं जातात. लेखकाच्या स्वतःच्या पानावर मोफत मसुदा बहुतेक वेळा मिळतो. नियतकालिकातला पैसे मागणारा पेपर हवा असेल तर सरकारी संस्थेत शिकणाऱ्या मुलांनी केंद्र सरकारच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ची सोय विचारावी. २०२५ पासून ती सुरू आहे, त्यात जवळजवळ १३,००० नियतकालिकं आहेत आणि ती इन्फ्लिबनेट या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या केंद्रामार्फत चालते. मिळालेली फाइल सगळ्या गटाला फॉरवर्ड करण्याआधी अटी वाचा.

वेळ दोन तास धरा. दोघांनी घरून पेपर वाचून यायचं, बाकीच्यांनी फक्त सारांश आणि मुख्य आकृती. पहिली वीस मिनिटं आकृतीवर: अक्ष काय, एकक काय, आकडा किती इकडेतिकडे असू शकतो ते दाखवणाऱ्या रेघा (एरर बार) आहेत का, नसतील तर का नाहीत. मग एकाने दावा एका मराठी वाक्यात सांगायचा, क्रियापदासकट. हे वाक्य जमेपर्यंत पुढे जायचं नाही. इंग्रजी सारांश तसाच वाचून दाखवला की सगळे माना डोलावतात. ‘कुणी, काय, कशाने मोजलं’ हे मराठीत सांगताना न कळलेली जागा लगेच उघडी पडते. पारिभाषिक शब्दांवर वेळ घालवू नका, क्यूबिट क्यूबिटच राहू दे. उरलेला वेळ त्या विषयाच्या लपायच्या जागेवर: भौतिकशास्त्र असेल तर उपकरण, संगणन असेल तर परीक्षा, अर्थधोरण असेल तर तुलना आणि धरलेले आकडे. शेवटची दहा मिनिटं शोधा, की या पेपरला उत्तर देणारा दुसरा पेपर आला आहे का. आला असेल तर पुढच्या महिन्याला तोच.

वहीला सहा रकाने पुरतात: क्रमांक आणि आवृत्ती, मुख्य आकडा एककासकट, क्रियापद, कशाच्या तुलनेत, धरलेल्या गोष्टी, आणि कोणती बातमी कळली तर मत बदलू. सहावा रकाना कोरा ठेवून उठू नका. सुरुवात असेमोग्लू आणि आगिओं यांच्या जोडीने करा, मग विलो, मग एलके-९९ चा मूळ पेपर आणि त्याला खोडणारे दोन. सहा महिन्यांनी ही वही पुन्हा उघडून सहावा रकाना तपासायचा, ते काम गणिताच्या बाईंकडे द्या.